कोऱ्या नमुन्यातलं जस्त

कपाटात एकूण सव्वीस कपडे निघाले. अकरा शर्ट, सहा पँटी, पाच स्वेटर, एक जॅकेट आणि तीन वस्तू ज्यांना नेमकं काय म्हणावं ते ठरेना. अकरा शर्टांपैकी चार दादाचे, त्याला पोटावर घट्ट झाले म्हणून माझ्याकडे आलेले. स्वेटरांपैकी तीन मुळातच करडे आणि एक धुऊन धुऊन करडा झालेला. सगळं पलंगावर पसरलं तेव्हा पलंग पावसाळी आभाळासारखा दिसायला लागला.

"बुजगावण्यालासुद्धा यापेक्षा बरे कपडे घालतात," वहिनी दारातून म्हणाली. "निदान त्याचे पंजे तरी बाहीच्या बाहेर असतात."

वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या चेहऱ्यांकडे बघायचं आणि कुणाला कुठली फ्रेम शोभेल ते सांगायचं, हा तिचा पेशा. दादाचं लग्न झाल्यापासून आम्ही तिघं एकाच घरात राहतो, आणि तेव्हापासून माझा अवतार ती तोंड मिटून पाहत आली होती. आज मी स्वतःहून विचारलं होतं, "मी गबाळी दिसते का गं?"

"दिसतेस," ती म्हणाली, आणि पलंगावर कपड्यांना जागा करून बसली. "आता सांग, झालं काय?"

झालं होतं ते असं. मी पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. पाण्यात अगदी नावापुरतं असलेलं जस्त मोजणं हे माझं काम. मोजते मी, पण अहवालावर सही असते आमच्या ज्येष्ठ केमिस्टची. ते इतके काटेकोर की पाठीमागे सगळे त्यांना 'दशांश' म्हणतात, तोंडावर काका. काका आता निवृत्त होणार होते. सहीचा अधिकार मला मिळाला तर जस्ताचं काम आमच्याकडे राहणार होतं. नाही मिळाला तर ते काम दुसऱ्या प्रयोगशाळेत जाणार आणि मी बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावत बसणार.

हा अधिकार देणाऱ्या तपासनीस बाई पहिल्या पाहणीला आल्या तेव्हा मी साहेबांच्या खोलीत कागद घेऊन उभी होते. बाईंनी माझ्याकडे वर न बघताच आपला रिकामा कप पुढे केला. "हे जरा उचला. आणि जस्ताचं काम बघणाऱ्या केमिस्टना आत पाठवा."

मी कप उचलला. बाहेर नेऊन धुतला, पालथा घातला, आणि मग आत येऊन सांगितलं की ती मीच. त्या "अच्छा" एवढंच म्हणाल्या. त्यांनी कप दिला ह्यापेक्षा मी तो धुतला हे मला जास्त लागलं. आता पुढच्या खेपेला त्यांच्यासमोर प्रत्यक्ष चाचणी करून दाखवायची होती.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. "तोंडापासून सुरुवात करू," ती म्हणाली. "लोक आधी तोंड बघतात, ते नीट असलं की बाकीचं माफ करतात."

"चालेल. पण एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाचा परिणाम झाला ते कळत नाही."

"म्हणजे या आठवड्यात डावा डोळा आणि पुढच्या आठवड्यात उजवा? बरं बाई, वन्सं. तुम्ही शिकलेल्या."

पहिला बदल म्हणून तिने मला चेहऱ्याची पावडर दिली. गोल चपटी डबी, आत आरसा, माझ्या रंगाशी जुळणारी छटा तिने दोन दुकानं फिरून शोधलेली. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, असा क्रम तिने शिकवला आणि जादा झालेली झटकायलाही शिकवलं. आरशात फार काही घडलं नाही. चेहरा तोच, फक्त त्यावरची थकव्याची तकाकी गेली. पण फाटकावरचा रखवालदार, जो रोज सकाळी माझं ओळखपत्र मागायचा, त्याने त्या आठवड्यात ते मागणं सोडून दिलं. एकदा तर "या मॅडम" म्हणाला. मी मान ताठ ठेवून चालायला लागले होते. ते पावडरीमुळे की रखवालदारामुळे हे सांगणं अवघड होतं. इथे दोन गोष्टींची सरमिसळ झाली होती. सुंदर दिसावं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. कुणी बघितलं तर त्याची नजर माझ्यावरून घसरून मागच्या भिंतीवर जाऊ नये, एवढंच हवं होतं.

त्याच सुमारास कोरा नमुना बिघडला.

कोरा नमुना म्हणजे निव्वळ शुद्ध पाणी. खऱ्या नमुन्याबरोबर तेही सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं आणि यंत्रात घालायचं. त्यात जस्त सापडलं तर ते पाण्यातलं नसतं, आपण घातलेलं असतं. एका लिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर काम ग्राह्य, वर गेलं तर त्या दिवसाचं सगळं रद्द. माझा आकडा एरवी अर्ध्याच्या आसपास असायचा. आता तो तीनच्या घरात गेला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला.

काकांनी उलटतपासणी घेतली.

"ॲसिड बदललंस?"

"नवी बाटली फोडली."

"हातमोजे?"

"बदलले."

"पाणी?"

"दुसऱ्या यंत्राचं आणलं. बाटल्या पुन्हा धुतल्या, रात्रभर ॲसिडमध्ये ठेवल्या. झाकणंसुद्धा."

"मग आता इमारत बदल," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. ते चष्मा पुसायला लागले की समजावं, काळजीत आहेत.

दाढदुखीमुळे मी एक दिवस रजा घेतली. त्या दिवशी काकांनी स्वतः कोरा नमुना लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा दाखवला: ०.४.

"सुट्ट्या घेत जा अधूनमधून," ते म्हणाले. हसले नाहीत. "पोरी, हाताला वळण असतं. ते बिघडलं तर मला सही करता येईल, पण तुला करू द्या असं सांगता येणार नाही."

मी त्या दुपारी काहीच मोजलं नाही. खुर्चीत बसून विचार केला. बाटली, पाणी, ॲसिड, मोजे, एकेक बदलून पाहिलं, आणि आकडा हलला नाही. तो फक्त मी नसताना हलला. तेव्हा बदल माझ्यात होता. आणि माझ्यात या महिन्यात बदल एकच झाला होता, कारण तशी अटच मी स्वतः घातली होती. तरी तो माझ्या हिशेबात कधी आला नाही. प्रयोगशाळेत केलेला बदल तो बदल. घरी आरशासमोर केलेला तो जणू दुसऱ्याच कुणीतरी केलेला.

मी गाळणकागदाचा तुकडा डाव्या गालावरून फिरवला, सौम्य ॲसिडमध्ये बुडवला आणि ते पाणी यंत्रात घातलं. आकडा मोजपट्टीच्या बाहेर गेला. शंभरपट पातळ करून पुन्हा घातलं. पुन्हा बाहेर. नमुन्यावर वाकून काम करताना ही पावडर महिनाभर माझ्या तोंडावरून पाण्यात भुरभुरत होती.

काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी आकडा पाहिला, मग माझा गाल पाहिला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते म्हणाले.

"काखेत नाही काका, गालावर."

ह्या वेळी ते हसले.

घरी मात्र हसणं झालं नाही. वहिनीने सगळं ऐकलं आणि ओट्यावरची भांडी जरा जास्तच आवाज करत जागेवर ठेवली. "म्हणजे माझ्या पावडरीने तुझी नोकरी घालवली असती."

"तुझी चूक नाही. मी विचारायला हवं होतं."

"मी म्हणतच होतो," दादा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "आहे तशीच बरी आहे ती."

"तुम्ही गप्प बसा. तुमचे शर्ट घालूनच तिची ही दशा झाली."

वर्तमानपत्र वर सरकलं. मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ टॉवेल चेहऱ्यावर धरून उभी राहिले. काम वाचलं होतं. पण त्या चाचणीला मी पुन्हा कप धुणारी बाई होऊन उभी राहणार, असं वाटत होतं. माझं काम चोख असायचं तर चेहऱ्यावर काही नको, आणि चेहऱ्यावर काही नसलं की मी कुणाला दिसणार नाही. बाहेर आले तर वहिनी माझा प्रयोगशाळेतला पांढरा कोट खुर्चीच्या पाठीवर टांगून त्याच्याकडे बघत उभी होती. दुकानात ती गिऱ्हाइकाच्या नाकाकडे बघते तशी.

"हा कुणाचा?"

"माझा. म्हणजे आधी दुसऱ्या एकाचा होता. तो नोकरी सोडून गेला."

"किती उंच होता?"

"बराच."

"घाल."

मी घातला. तिने खांद्याची शिवण चिमटीत धरली. ती माझ्या दंडावर उतरली होती.

"तुझ्या त्या यंत्राला काय चालत नाही ते सांग."

"जे झडतं ते. पावडर, क्रीम, लोकरीचे तंतू."

"माप झडतं का?"

"माप कसं झडेल?"

"मग झालं तर," वहिनी म्हणाली आणि टाचण्यांचा डबा काढला.

तिने कोट खांद्यात आणि कमरेत आत घेतला, बाह्या मनगटावर आणल्या. दादाचे शर्ट परत दादाच्या कपाटात गेले. त्याने पोट आत ओढून एक घालून बघितला आणि निमूटपणे काढून ठेवला. करडे स्वेटर वहिनीने पिशवीत भरले, माझी परवानगी न विचारता. दोन पँटी घोट्यापर्यंत आखूड केल्या. केस मी स्वतःच ठरवून कानाखाली कापून घेतले, टोपीत बसावेत म्हणून. पण मान मोकळी झाली आणि वाऱ्याची झुळूक आली की कळायला लागली. शेवटी वहिनीने मला दुकानात नेऊन माझी जुनी फ्रेम काढून घेतली. "ही तुझ्या भुवयांवर झाकण घालते. तू रागावलीस तरी कळत नाही कुणाला." नवी फ्रेम पातळ होती. एका वेळी एकच बदल हा नियम ह्या खेपेला मी सोडून दिला. कोऱ्या नमुन्यापुरता मात्र तो पाळला: प्रत्येक बदलानंतर एकदा लावून बघितला.

चाचणीच्या दिवशी तपासनीस बाई साहेबांबरोबर आमच्या खोलीच्या काचेच्या दाराशी आल्या. काका मागे होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि ह्या वेळी नजर थांबली.

"जस्ताचं काम तुम्हीच बघता ना? चला, सुरू करा."

त्यांनी दाराला हात घातला. खोलीतला प्रकाश त्यांच्या तोंडावर पडला, आणि मला त्यांच्या गालावरची पावडर दिसली. चांगल्यापैकी लावलेली, जबड्याच्या कडेशी थोडी साचलेली. चाचणी बघताना त्या माझ्या खांद्यावरून वाकून बघणार होत्या. काहीही न बोलता दार उघडलं असतं तर त्या खूश झाल्या असत्या. साहेबांनी मला नजरेने लवकर आटप म्हटलं.

"बाई," मी म्हणाले, "आत येण्याआधी चेहरा धुवावा लागेल. पावडरीत जस्त असतं."

"मला?"

"आत येणाऱ्या सगळ्यांनाच. मीही धुऊन आले आहे. नाहीतर काचेबाहेरून पाहिलंत तरी चालेल."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. काका चष्मा पुसायला लागले. माझे हात नव्या बाह्यांच्या बाहेर होते आणि ते कुठे लपवावेत ते सुचत नव्हतं, म्हणून मी ते तसेच ठेवले.

"बेसिन कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

त्या परत आल्या तेव्हा डोळ्यांखालची वर्तुळं दिसत होती. मी त्यांना टोपी आणि स्वच्छ कोट दिला. कोट त्यांना फार मोठा होत होता. त्यांनी बाह्या दोनदा दुमडल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी शुद्ध पाणी घेतलं, ॲसिड घातलं, एकेक पायरी मोठ्याने सांगत गेले. यंत्राने नमुना ओढून घेतला. पडद्यावरची रेघ थोडी हलली आणि स्थिर झाली.

"वाचा," बाई म्हणाल्या.

"कोरा नमुना. जस्त, एका लिटरमागे शून्य पूर्णांक तीन मायक्रोग्रॅम."