मास्तरांसाठी एक मिनिट

बाबांसाठी सुरू केलेलं एक मिनिटाचं मौन आज अकराव्या दिवशीही संपलेलं नाही.

मैदानाच्या मधल्या वर्तुळात बाबांची शवपेटी ठेवली आहे. तिच्याशेजारी मी उभी आहे. दोन्ही संघ वर्तुळाच्या रेषेवर एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभे आहेत. आमच्या गोलरक्षकाची दाढी छातीपर्यंत आली आहे. सूर्य दुपारी तीनला जिथे होता तिथेच आहे.

टेकडीवरच्या दफनभूमीत खड्डा तयार आहे. आई तिथे वाट पाहते आहे. रोज त्याच्या कडा वीतभर जवळ येतात, अशी तिची चिठ्ठी आली. तो मिटण्याआधी बाबांना तिथे पोचवायचं आहे.

नियम रेफरीच्या कार्डावर छापलेला आहे. त्याने तो मला पहिल्याच दिवशी दाखवला. वर्तुळाच्या आत कोणी बोललं, तर प्रत्येक शब्दामागे एक मिनिट वाढवून मिळतं. वेळ वाढला की वर्तुळ पाऊलभर आवळतं. नियम मला वाजवी वाटला, म्हणून मी गप्प आहे. क्लबचे अध्यक्ष गोदिन्यू गप्प राहत नाहीत. त्यांचा सार्डिन डबाबंद करायचा कारखाना आहे, आणि अर्धं बंदर त्यांच्याकडे कामाला आहे.

"पोरी, ते आम्हा सगळ्यांचे वडील होते," ते वर्तुळात येऊन म्हणाले.

रेफरीच्या सहायकाने पाटी वर धरली. सहा. खेळाडूंनी एक पाऊल पुढे टाकलं.

बाबा डाव्या बाजूचे बचावपटू होते. एकतिसाव्या वर्षी त्यांचा गुडघा गेला. मग ते खानावळीत बसून, बिअरबरोबर मिळणाऱ्या खारवलेल्या पिवळ्या बियांची सालं टेबलावर मांडून संघ उभा करायला लागले. त्या सालांवर आमच्या क्लबने तीनदा अजिंक्यपद मिळवलं. तेव्हापासून देशभर त्यांना मास्तर म्हणत. पोर्तुगालच्या पहिल्या श्रेणीत आज त्यांचे सात शिष्य प्रशिक्षक आहेत. सातही जण आले आहेत. सातही जण हात पाठीमागे बांधून, डावा गुडघा किंचित वाकवून उभे आहेत. त्यांच्यापैकी कोणाचाच गुडघा कधी मोडलेला नाही.

मार्चमध्ये सलग तीन पराभव झाले आणि क्लबने बाबांना काढून टाकलं. पत्र रुग्णालयात आलं, दुपारच्या सुपाच्या ताटलीखालून. बाबांनी ते वाचलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर शनिवारचा संघ लिहिला. त्या सात जणांपैकी एकानेही त्या आठवड्यात फोन केला नाही.

"तू फक्त एक वाक्य बोल," अध्यक्ष म्हणाले. "त्यांच्या मनात आमच्याबद्दल काही नव्हतं, एवढंच. छायाचित्रकार थांबलेत."

पाटी पुन्हा वर गेली. मी आकडा पाहिला नाही. खेळाडूंच्या बुटांचा आवाज मोजला.

वर्तुळाबाहेर तिबुर्सियू उभा होता. पंचेचाळीस वर्षं संघाचे कपडे त्यानेच धुतले. बाहेरचं बोलणं धरत नाहीत, म्हणून तो मोकळेपणाने बोलतो.

"तोंड उघडू नकोस, इल्दा. तो तुला बोलतं करायला बघतोय. पंचेचाळीस वर्षं मोजे धुतले गं मी, पण असा वास नाही आला."

"तिबुर्सियू, तुझी जागा कपड्यांच्या खोलीत," अध्यक्ष म्हणाले.

"तिथे कुलूप लावलंय, साहेब. तुम्हीच तर लावलंत, मास्तरांना काढलं त्या दिवशी."

वर्तुळ आता इतकं लहान झालं आहे की खेळाडूंच्या पोटऱ्या शवपेटीला टेकतात. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येतो. अध्यक्षांनाही उभं राहायला जागा उरली नाही, म्हणून ते शवपेटीवर बसले. आज रेफरीने मला घड्याळ दाखवलं. सगळा वाढीव वेळ धरून बारा सेकंद उरले होते. मी ओठ दाताखाली धरले. नऊ. सहा. अध्यक्षांनी टोपी काढली आणि झाकणावर हलकी थाप मारली, कारखान्यातल्या म्हाताऱ्या घोड्याला मारावी तशी.

"शहाणे होते तुझे बाबा," ते म्हणाले. "त्यांना कळलं असतं."

"उठा," मी म्हणाले.

पाटी वर गेली. अध्यक्ष उठले नाहीत. माझ्या शब्दाचं एक मिनिट त्यांच्या सातांनंतर लावलं होतं. तेव्हा मला समजलं की हे मौन बाबांसाठी नाही आणि ते संपणारही नाही.

मी शवपेटीची पितळी कडी धरून ओढली. शवपेटी हलली, आणि तिच्याबरोबर हिरवळही निघाली. टेबलावरून चादर ओढावी तसं अख्खं मैदान मागे सरकत आलं. फाटकात ते चुणलं, पण अडकलं नाही. खेळाडू तसेच खांद्यांवर हात टाकून त्यावर उभे होते, सात प्रशिक्षक वाकल्या गुडघ्यांनी झोके सांभाळत होते. शेवटी प्रेक्षकांचं स्टँड फरफटत आलं. मी कारखान्यावरून चढाला लागले. हाताची सालं निघाली. अध्यक्ष शवपेटीवर बसून बोलतच होते, आणि प्रत्येक शब्दाला मागून पाटी वर जात होती.

दफनभूमीत आई खड्ड्यात उतरली होती. दोन्ही तळवे दोन्ही कडांना लावून तिने त्या रेटून धरल्या होत्या. माझ्यामागे काय येतं आहे ते तिने पाहिलं आणि कोपरं ताठ केली.