हवालदारांची पलटण

चाळणीतून गळणाऱ्या वाळूची मंद, अखंड सरसर ऐकू आली की दारव्ह्याच्या आमच्या शाळेत मधली सुट्टी झाल्याचं घंटेआधीच कळायचं. माघातल्या कोवळ्या उन्हात, व्हरांड्याच्या टोकाला, कवायतीचे शिक्षक सखाराम हवालदार एका उथळ लाकडी पेटीत वाळू पसरत असायचे. ब्रह्मदेशच्या लढाईत रसद वाहून राठ झालेले त्यांचे हात फिरू लागले की त्या वाळूत डोंगर उभे राहायचे, नद्या वळायच्या, आणि चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी रंगवलेल्या मातीच्या पलटणी त्यात उतरायच्या.

फौजेत असताना त्यांनी गोऱ्या अधिकाऱ्यांना वाळूवरच्या लढाईचा हा खेळ खेळताना पाहिलं होतं. जर्मन सरदारांनी शंभरेक वर्षांपूर्वी तो रचला, असं तिथं त्यांच्या कानावर आलं होतं. पण त्या खेळात त्यांना एक उणीव सलत होती.

"साहेब लोकायच्या खेळात पलटन चालतच राहे, बाई," ते म्हणाले होते. "कोनालेच तहान नाही. ज्यानं तो खेळ बनवला, त्यानं पखाल कधी खांद्यावर घेतली नसंन."

म्हणून त्यांनी पखालवाले घडवले : वाकलेल्या पाठीची, पाणी वाहणारी बारा माणसं. ज्या पलटणीजवळ पखालवाला नाही, ती दोन चालींनंतर जागची हलायची नाही. नुसत्या तोफांमागे धावणारी मुलं हरत आणि हरता हरता शहाणी होत. हा नियम करणाऱ्या माणसाला मात्र शाळेच्या माठाला हात लावायची मुभा नव्हती. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं लोटली, तरी शाळेचा शिपाई त्यांच्या ओंजळीत वरूनच पाणी ओतायचा. आम्ही सारे सुशिक्षित ते रोज पाहत होतो.

शाळेचं प्रदर्शन ठरलं तेव्हा संस्थेचे अध्यक्ष पेटी पाहायला आले. "युद्धाच्या खेळात हे पाणके कायले? काढून टाका," म्हणाले. पखालवाले निघाले. मग पाटीवर रचनाकार म्हणून अध्यक्षांच्या पुतण्याचं नाव आलं. तो आमच्याच शाळेत इतिहास शिकवायचा. ती पाटी मी रंगवली. सुबक, वळणदार अक्षरांत.

प्रदर्शनाच्या दिवशी अध्यक्ष पाहुण्यांसमोर हौसेनं डाव खेळू लागले. तिसऱ्या चालीला हवालदार गर्दीतून पुढं आले आणि त्यांनी अध्यक्षांच्या सोंगटीवर बोट ठेवलं.

"तुमची पलटन दोन चाली बिनपान्याची हाय. ते आता हालत नाही."

"अहो, खेळच आहे हा!" अध्यक्ष हसले.

"खेळ हाय म्हून खोटा कायले खेळाचा?"

मी पाटीशेजारी उभी राहून नुसती पाहत राहिले. हवालदार ताठ पावलांनी फाटकाबाहेर गेले. पुढल्या वर्षी त्यांची नेमणूक झाली नाही. ते पुसदला भावाकडे गेले आणि काही वर्षांनी तिथंच वारले. माझ्या माफीच्या पत्राला त्यांनी उत्तर धाडलं नाही, आणि ते योग्यच होतं. ती पेटी मात्र कार्यालयातल्या काचेच्या कपाटात विराजमान झाली, पुतण्याच्या नावानं, प्रशस्तिपत्रासह.

काळ सारं निववतो म्हणतात. माझा संताप त्यानं निववला नाही. गेलेल्या माणसाला आठवण न्याय देते, हेही खोटंच. आठवण फक्त साक्ष देते, आणि तीही आरोपी निवांत म्हातारे झाल्यावर.