रुमालाची जागा

सावळीरामचा शहरातल्या बसवर राग होता, आणि तो तिच्यात न बसताच धरलेला होता. मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू आणि गुलाब घेऊन तो वीस वर्षं फुलबाजारात जात होता, पण आधी सायकलवर आणि मग एम-एटीवर. बसच्या दारात लटकलेली माणसं दिसली की म्हणे, "शहर कसलं हे, मेंढवाडा झालाय. इथं कोण कोणाचं नाय."

त्याची मुलगी मंजुषा आयटीआय झाली, तीही त्या एम-एटीवरच. फुलांच्या टोपल्या आणि बापाची पाठ यांच्या मधल्या वीतभर जागेत बसून तिने दोन वर्षं ये-जा केली, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स पुरा केला आणि वर्गात पहिली आली. नव्व्याण्णवच्या जूनमध्ये तिला सातपूरच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं पत्र आलं. अडचण एकच होती. कारखान्याची पहिली पाळी आणि फुलांचा लिलाव एकाच वेळी. म्हणजे नोकरी लागली तर तिला रोज बसने जावं लागणार, आणि तेही एकटीने.

"आधी मी सोता बघतो," सावळीरामने जाहीर केलं. "मुलाखतीला तुझ्यासंगं बसनं येतो. बरं वाटलं तर नोकरी. नाय तर घरीच रेडिओ दुरुस्त कर."

मंजुषाच्या आईला, सरुबाईला, राहवलं नाही. "बस बघायला चाललाय का खोट काढायला?" ती म्हणाली.

मुलाखत दहाला होती. पावणेनऊला बापलेक मखमलाबादच्या बसमधून सीबीएसच्या बसस्टँडवर उतरली. तिथे माणसांचा नुसता बुजबुजाट होता. तेवढ्यात 'सातपूर' अशी पाटी लावलेली बस आत आली आणि गर्दी दाराकडे धावली.

गर्दीच्या बसमधली जागा दारातून मिळत नसते, खिडकीतून मिळते. लग्नकार्याला एसटीने जाऊन एवढं सावळीरामलाही ठाऊक झालं होतं. खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, जागा आपली झाली, मग सावकाश दारातून चढायचं. त्याने खांद्यावरचा चौकड्यांचा रुमाल काढला आणि तिसऱ्या खिडकीतून आत टाकला. वारं होतं. रुमाल उडेल म्हणून त्याने मंजुषाच्या हातातली फाइल ओढली आणि वजन म्हणून वर ठेवून दिली.

"अण्णा, फाइल नको!" मंजुषा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं. चल, चढ लवकर."

दोघं रेटारेटी करत पायरीपर्यंत पोचली. तिथे पिशव्या सांभाळत उभ्या असलेल्या एका बाईला सावळीरामने आपलं विचारलं, "सातपूरच ना?"

"सातपूरहून आलीय हो. आता कॅम्पला चाललीय, देवळाली कॅम्पला. ते बघा, पाटी बदलली."

सावळीरामने मंजुषाचा दंड धरून तिला मागे खेचलं. कंडक्टरने डबल बेल मारली. धूर सोडत बस निघून गेली.

"थोडक्यात वाचलो!" सावळीराम खूश होऊन म्हणाला. "भलतीकडंच गेलो असतो." घाम पुसायला त्याने खांद्यावर हात नेला. खांद्यावर रुमाल नव्हता.

मंजुषाचा चेहरा त्याच्याआधीच पांढरा पडला होता. मूळ गुणपत्रिका, सर्टिफिकेट, मुलाखतीचं पत्र, सगळं त्या फायलीत होतं.

समोर जी रिक्षा दिसली तिच्यात दोघं घुसली. रिक्षावाला कारभारी बिडी विझवत होता. "कुठं जायचंय?" त्याने विचारलं. "बसच्या मागं!" सावळीराम ओरडला आणि धापा टाकत सगळं सांगून मोकळा झाला. कारभारीने पुढचं काही विचारलं नाही. शालिमार गेलं, सारडा सर्कल गेलं, पण बस दिसेना. आतापर्यंत त्या जागेवर कोणीतरी ऐसपैस बसलं असणार आणि फाइल खिडकीबाहेर गेली असणार, याबद्दल सावळीरामला शंकाच उरली नाही. त्याहून वाईट म्हणजे मनात एक किडा वळवळायला लागला. पोरीची नोकरी आपल्याला नको होती, म्हणून तर हात असा चालला नाही ना? त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मंजे, चुकलं माझं," तो म्हणाला. बापाच्या तोंडून हे शब्द तिने जन्मात ऐकले नव्हते.

पुढे द्वारका चौक हायवेवरच्या ट्रकांनी तुंबला होता, आणि त्यात ती बस अडकून उभी होती. रिक्षा थांबायच्या आत सावळीरामने उडी मारली आणि बसच्या मागच्या दारातून आत शिरला.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं एकमेकांना चिकटून उभी होती. एका बाईच्या कडेवर पेंगुळलेलं मूल होतं. एक म्हातारबुवा दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळत होते. आणि या सगळ्यांच्या मधोमध, तिसऱ्या खिडकीची सीट रिकामी होती. सीटवर चौकड्यांचा रुमाल आणि रुमालावर फाइल, ठेवली तशीच.

"तुमची का जागा?" कंडक्टर वैतागून म्हणाला. "कुणाची जागा, कुणाची जागा, दोनदा ओरडलो की हो मी!"

"मग कोणी बसलं कसं नाय?" सावळीरामच्या तोंडून निघून गेलं.

सगळी बस त्याच्याकडे बघायला लागली. "असं कसं बसणार?" मूल घेतलेली बाई म्हणाली. "रुमाल होता ना."

सावळीरामच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ज्यांना तो इतकी वर्षं मेंढरं म्हणत आला, ती माणसं कोणा अनोळखी माणसाच्या फडक्याचा मान राखून उभी होती. त्याने फाइल छातीशी धरली, रुमाल उचलला, सीट झटकली आणि म्हणाला, "बस माय. जागा तुझी."

कारभारीने रिक्षा अशी काही पिटाळली की दहा वाजून पाच मिनिटांनी दोघं सातपूरला पोचली. उशीर का झाला, हाच साहेबांचा पहिला प्रश्न होता. मंजुषाने घडलं ते सगळं सांगितलं. साहेब इतके हसले की तिची भीतीच पळाली आणि पुढची उत्तरं तिने धडाधड दिली.

नोकरी लागली. पहिल्या दिवशी पहाटे सावळीराम मखमलाबादच्या थांब्यावर आला. एम-एटीवर फुलं लादलेली होती. त्याने खांद्यावरचा रुमाल काढून, चार घड्या घालून मंजुषाच्या हातात दिला.

"खिडकीतून टाकायचा," तो म्हणाला. "पण आधी इचारायचं, बस कुठनं आली ते नाय, कुठं चालली ते."

"फाइल नाही ठेवायची वर," मंजुषा म्हणाली आणि हसत चढली.

डबल बेल झाली. सावळीरामचा सगळा जीव त्या बसमध्ये होता. बस वळणाआड जाईपर्यंत तो बघत राहिला, पण तिच्यामागे धावावं असं त्याला वाटलं नाही. मग त्याने एम-एटीला किक मारली आणि फुलबाजाराची वाट धरली.