अक्का उठून बसते

अंबडच्या तातेराव मामांना नवा अल्बम ऐकवणं म्हणजे आपण होऊन झाडाझडती ओढवून घेणं. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मामांना दुसरा उद्योगच नव्हता. नवी भीमगीतं येवोत की गझला, मामा आपल्या जुन्या गाडीत बसायचे, काचा वर करायचे आणि अख्खा अल्बम एका बैठकीत ऐकायचे. मधलं गाणं गाळायचं नाही, हा त्यांचा कायदा. मग बसस्टँडसमोरच्या हॉटेलात निकाल लागायचा. "गळ्याला इस्त्री मारून आणली पोरानं." "कोरसवाल्यांला जेवू घातलं न्हवतं का?" गेल्या महिन्यातल्या एका अल्बमबद्दल ते एवढंच म्हणाले होते, "ढोलकी झकास हाय. बाकीच्यांनी गप बसायला पाह्यजे होतं." त्या गायकानं तेव्हापासून चहाचं हॉटेलच बदललं.

आता पाळी सख्ख्या भाचीची होती आणि मामांचं धाबं दणाणलं होतं.

संध्या त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी, आष्टीला शाळेत शिकवायची. तिची आई कौसाबाई, म्हणजे मामांची अक्का, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून संध्यानं आईवर गाणी लिहिली, चाली बांधल्या आणि जालन्याच्या एका स्टुडिओत स्वतःच गायली. रविवारी आष्टीच्या विहाराच्या हॉलमध्ये प्रकाशन होतं. तिनं फोनवर साफ बजावलं, "मामा, तुम्ही बोलायचं. अन् खरं बोलायचं. भाची म्हणून पांघरूण घालायचं न्हाई." मग आवाज उतरला. "आईच्या जाण्याचं एक गाणं हाय. स्टुडिओत कसंबसं गायले, त्याच्यानंतर ऐकलंबी न्हाई. रविवारी स्टेजवर गाताना मी ते सोडूनच देणार हाय."

मामांनी खरं बोलायचा शब्द दिला, फोन ठेवला आणि बायकोला म्हणाले, "मालन, गाणी पडेल निघाली तर? लबाड बोललो तर अक्काला तोंड दाखवायला जागा न्हाई, खरं बोललो तर पोरीला."

"अन् चांगली निघाली तर?" मालनबाईंनी विचारलं.

ही शक्यता मामांच्या डोक्यात आलीच नव्हती.

संध्याच्या नवऱ्यानं, बुद्धभूषणनं, गाणी पेन ड्राइव्हमध्ये भरून कधीच पाठवली होती. पण मामांना धीर होईना. मालनबाई मदतीसाठी पुढे निघून गेल्या, रविवार उजाडला, गाडी अंबडच्या बाहेर पडली, तेव्हा कुठे त्यांनी तो पेन ड्राइव्ह गाडीच्या टेपला लावला.

पहिल्याच गाण्यात अक्का गेली. मामांनी कचकन ब्रेक दाबला. "अगं, सुरुवातीलाच?" रडत, नाक पुसत ते तसेच पुढे निघाले. दुसरं गाणं लागलं, तर अक्का दवाखान्यात, आणि नर्सशी हुज्जत घालतेय! तिसऱ्यात ती चष्मा लावून नातीचा अभ्यास घेत होती. पुढच्यात कापूस वेचायची ओटी बांधून अख्ख्या रानाला हसवत होती. मग साक्षरता वर्गात तिची पहिली सही. आणि शेवटी पाळणा. विशीतली अक्का, तान्ही संध्या, आणि झोका.

मामा खुळावले. गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि रस्त्यावर एकटेच टाळ्या वाजवू लागले. उसाचा ट्रॅक्टर थांबला. "काका, गाडी बंद पडली का?"

"न्हाई रे बाबा! माझी बहीण उठून बसली!"

ट्रॅक्टरवाल्यानं मागे न बघता ट्रॅक्टर दामटला. मामांनी पाळणा पुन्हा लावला, मोठ्यानं म्हटला, बेसूर म्हटला. आष्टी येईपर्यंत भाषण तोंडपाठ झालं होतं: अल्बम उलटा मांडायची ही हिंमत अख्ख्या मराठवाड्यात कोणी केली न्हाई!

हॉलच्या दारात बुद्धभूषण जयभीम घालायला पुढे आला. मामांनी त्याला मिठीच मारली. "काय डोकं चाललं संध्याचं! आधी अक्काचं जाणं, अन् पाळणा शेवटी!"

बुद्धभूषण गोंधळला. "मामा, पाळणा पहिला हाय." मग त्यानंच जीभ चावली. "माझ्या हातून खालून वर भरली गेली वाटतं गाणी. तुमच्या टेपला जशी भरली तशीच वाजतात."

मामांचं भाषण तिथल्या तिथे मेलं. आता? चूक लपवावी, तर संध्याला दिलेला शब्द मोडतो. कबूल करावी, तर जन्मभर कान धरणाऱ्याचेच कान चुकले म्हणून लोक खिदळणार. तेवढ्यात माइकवरून त्यांचं नाव पुकारलं. आज भाचीची सालटी निघणार म्हणून अंबडची मंडळी पहिल्या रांगेत सरसावून बसली होती.

"मी अल्बम उलटा ऐकला," मामा म्हणाले. "आमच्या जावईबापूंनी उलटा भरला, अन् मला अक्कल आली न्हाई." हॉल खो खो हसला. मामाही हसले. मग त्यांनी माइक जवळ ओढला. "पण खरं सांगायचं कबूल करून आलोय. माझ्या गाडीत अक्का पहिल्याच गाण्यात गेली. मंग उठून बसली. भांडली, हसली, सही करायला शिकली. आष्टीच्या वेशीवर आली तव्हा वीस वर्षांची होऊन हिला झोका देऊन राह्यली होती. आता तुम्ही म्हणता हा क्रम चुकीचा हाय. आसंल. पण सरळ क्रमानं तिला पुन्हा एकदा नेऊन सोडायची माझी तयारी न्हाई. हे माझं मत."

स्टेजवर संध्या डोळे फाडून मामांकडे बघत होती.

"म्हणजे मामा, हे आधी गायचं... अन् मंग ती येती?"

"येती ना! बराबर येती."

संध्यानं ढोलकीवाल्याला खूण केली आणि जे गाणं सोडून देणार होती, तेच आधी उचललं. दोनदा आवाज फुटला, तरी थांबली नाही. दवाखाना आला, नर्सशी झालेल्या हुज्जतीला बाया पोट धरून हसल्या, चष्मा आला, कापसाला टाळ्यांचा ताल धरला गेला. पाळण्यापाशी येईतो संध्याचा चेहरा असा उजळला होता, की मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. पाळणा संपला. कुणी वन्स मोर म्हणायच्या आतच तिनं तो पुन्हा सुरू केला.