ओटच्या कणगीतली मशिनगन

आर्विड टॉलेफसनच्या कोठारात, ओटच्या कणगीच्या तळाशी, तेवीस वर्षं एक जर्मन मशिनगन दडलेली होती. खटका दाबून धरला की थांबायचं नाव न घेणारी. दुसऱ्या महायुद्धावरून परतताना त्याने ती सामानात लपवून आणली. पुढे कळलं, नोंद नसलेली असली बंदूक घरात सापडली तर थेट तुरुंग. मग त्याने तोंड शिवून घेतलं, बायकोपाशीसुद्धा.

अडुसष्टच्या नोव्हेंबरात अमेरिकन सरकारने सवलत काढली : महिन्याभरात नोंद करा, कर नाही, शिक्षा नाही. बोरघिल्डने ती बातमी आलेला पेपर नवऱ्याच्या कॉफीशेजारी ठेवला.

"कणगीतलीचा नंबर उतरवून घे," ती म्हणाली.

आर्विडने कप खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"कणगी दरवर्षी कोण झाडतं? शिवणयंत्राचं तेल कोण घालतं तिला? एव्हाना गंजून गेली असती."

दुसऱ्या दिवशी दोघं मिनियापोलिसच्या कचेरीत गेली. रांगेत सगळे त्याच्याच वयाचे, हातात नंबराची चिठ्ठी, नजर जमिनीकडे.

"कुठून आणली, ते सांगायची गरज नाही," कारकून म्हणाला.

"पण मला सांगायचंय," आर्विड म्हणाला. "मी पलटणीचा आचारी. बव्हेरियात एका सकाळी सूप ढवळत होतो. मागून एक जर्मन आला, ही गळ्यात अडकवलेली. त्याने ती काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि रिकामा डबा पुढे केला. तीन वेळा घेतलं बेट्याने. चौथ्यांदा म्हणाला, मीठ कमी आहे."

रांग खो खो हसत सुटली. मागचा एक जण म्हणाला, "माझी ऐका," आणि जो तो आपापली सांगू लागला. कारकुनाने पेन खाली ठेवलं.

बोरघिल्ड मात्र बाकावर बसून डोळे पुसत होती.

"काय झालं गं?"

"आचाऱ्याकडे मशिनगन कशी आली, हाच घोर होता मला. वाटायचं, कुणाला तरी मारून आणलीस. म्हणून कधी विचारलं नाही."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. आणि त्या मेल्याला मीठ हवं होतं."

मग तिला जे हसू फुटलं, ते गाडीत बसेपर्यंत आवरेना.

जानेवारीत शिक्का मारलेला कागद आला. रविवारी चर्चहून आल्यावर आर्विडने शेतामागच्या बर्फाच्या ढिगावर पहिली फैर झाडली. दुसरी बोरघिल्डने. दणक्याने ती बर्फात बसली, आणि बसल्या बसल्याच म्हणाली, "अजून गोळ्या आहेत ना?"