फोटोतल्यासारखा दिवा

भर थंडीत, आभाळ कोरडं ठणठणीत असताना पाथरकोंडची माणसं दिवेलागणीनंतर छत्री उघडून चालतात, असं रोह्याच्या बाजारात कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण ते खरं होतं, आणि त्याला कारण हैबतराव होते. हैबतरावांना मात्र त्यात आपलं कर्तृत्वच दिसत होतं.

हैबतरावांची सारी नोकरी धाटावच्या एका केमिकल कंपनीत, मेंटेनन्समधला हेल्पर म्हणून गेली होती. आता ते रिटायर होऊन भात आणि वाल पिकवत. पण कंपनी सुटली तरी कंपनीची शिस्त अंगातून गेली नव्हती. गोठ्याच्या कडीलासुद्धा ते महिन्यातून एकदा ऑइल देत आणि दिलं की रंभाबाईंना, म्हणजे बायकोला, बोलावून दाखवत. गावात कुठल्याही कामात पुढे असायची त्यांना हौस होती, आणि गावालाही कुणीतरी पुढे झालेला बराच होता, कारण मग बाकीच्यांना मागे बसून नावं ठेवता येत.

या साऱ्या हौसेच्या मुळाशी एक मोरी होती. गाव आणि डांबरी रस्ता यांच्या मध्ये ओहोळ आहे, त्यावरचा छोटा पूल म्हणजे ती मोरी. एका पुरात तिचा एका बाजूचा कठडा वाहून गेला तो गेलाच. गेल्या वर्षी संध्याकाळी नाक्यावरून दळण घेऊन येताना रंभाबाई तिथून खाली गेल्या. दळण ओहोळात सांडलं आणि उजवं मनगट मोडलं. रोह्याला प्लास्टर घातलं, पण मनगट बसलं ते वाकडंच. तेव्हापासून त्या भाकरी डाव्या हातानं थापतात आणि उजवा नुसता टेकवतात. ती भाकरी एका बाजूला जाड होते. हैबतराव ती जाड बाजू मुकाट्यानं आधी खातात.

ते या ऑफिसात गेले, त्या ऑफिसात गेले. एकानं सांगितलं, रस्ता आमचा आहे पण मोरी त्यांची. दुसऱ्यानं सांगितलं, मोरी आमची आहे, पण तिच्यावरचा अंधार आमच्याकडे येत नाही. हैबतरावांनी मग मनाशी ठरवून टाकलं, मोरीवर दिव्याचा खांब उभा केल्याशिवाय आपण डोळे मिटायचे नाहीत. हे त्यांनी रंभाबाईंनाही बोलून दाखवलं नाही.

अशात दिवाळीनंतर एका कंपनीनं सुरक्षा सप्ताह काढला. पाथरकोंडची पोरं-पोरी फर्स्ट शिफ्टला पहाटे सायकलवरून नाक्यापर्यंत जातात आणि तिथून कंपनीची बस पकडतात. त्या सगळ्या सायकलींना पुढे एक पांढरा दिवा आणि मागे एक लाल दिवा फुकट मिळणार होता. देवळापुढे मांडव पडला. दिव्यांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. हैबतरावांची स्वतःची जुनी सायकल पहिल्या रांगेत मधोमध उभी होती, आणि ती तिथे कशी आली हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

अडचण एवढीच झाली की कार्यक्रम भर दुपारी होता. पेणहून आलेला फोटोग्राफर म्हणाला, उन्हात दिवे पेटलेत की नाही तेच कळत नाही, सगळे दिवे वर करा, थेट कॅमेऱ्याकडे. मग सगळ्यांनी दिव्यांची तोंडं वर केली, कंपनीच्या साहेबांनी पाना हातात घेऊन एकेक नट आवळल्यासारखं केलं आणि फोटो निघाला. जाताना साहेबांनी चार शब्द सांगितले. थंडी संपायच्या आत आमचा माणूस हा फोटो घेऊन पाहणीला येईल, दिवे नीट ठेवलेले दिसले तर पुढच्या वर्षी मोरीवर सोलरचा खांब देऊ.

बाकीच्या गावानं यातलं फुकट तेवढं ऐकलं. हैबतरावांनी खांब ऐकला, आणि त्याच्या आधीचं ‘फोटो घेऊन’ हेही ऐकलं. धाटावात त्यांनी ऑडिट पाहिलं होतं. ऑडिटवाला मशीन चालतं का ते बघत नाही, कागदावर आहे तसं आहे का ते बघतो, ही त्यांची पक्की खात्री. एकदा एका व्हॉल्व्हचं हँडल ड्रॉइंगमध्ये डावीकडे होतं म्हणून उजवीकडचं चालतं हँडल काढून डावीकडे बसवलं होतं. मग ते कुणालाच फिरवता येईना, पण ऑडिट पास झालं. असा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला दिव्यांचं काय करायचं हे शिकवायची गरज नव्हती.

त्याच संध्याकाळी त्यांनी निशिगंधाची, म्हणजे लेकीची, लाल नेलपॉलिशची बाटली उचलली. कंपनीत नट आवळून झाला की नट आणि पट्टी यांच्यावरून रंगाची एक रेघ ओढतात, म्हणजे नंतर कुणी नट फिरवला तर रेघ तुटते आणि चोरी कळते. हैबतराव घरोघर फिरले आणि गावातल्या प्रत्येक दिव्याच्या नटावर नेलपॉलिशची रेघ ओढून आले.

“फोटोत हाय तसाच दिवा पायजे,” ते प्रत्येक ओटीवर सांगत गेले. “रेघ तुटली तर खांब गेला. मग गावाला तोंड कोण दाखवील ते तुमीच ठरवा.”

“बाबा, बाटली संपवलीत,” निशिगंधा म्हणाली. ती धाटावला पॅकिंगला होती आणि पुढच्या आठवड्यात तिला मैत्रिणीच्या लग्नाला जायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पाथरकोंडच्या रस्त्यावर उजेडाचा कारभार सुरू झाला. दिवे दणकट होते, त्यात खोट नव्हती. आंब्याच्या शेंड्यावर कावळ्याचं घरटं आहे, तारेवर पोरांचा जुना पतंग लटकलाय, हे सगळं गावाला नव्यानं कळलं. खड्डा तेवढा कळेना. तो खाली असतो आणि दिवा वर. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तो असा शिरे की दोन सायकली समोरासमोर आल्या की दोघंही उतरून डोळे मिटत आणि ‘कोण हाय?’ असं विचारून मग हँडल धरून एकमेकांच्या बाजूनं चाचपडत जात. पायी चालणाऱ्यांचे हाल त्याहून वाईट. एक म्हातारी शेळ्या घेऊन परतताना एकदा ओहोळाकडेच वळली. दुसऱ्या दिवसापासून ती छत्री पुढे धरून चालू लागली. ते बघून शेजारच्या जनूनं छत्री काढली, आणि आठवड्याभरात सगळ्या गावानं माळ्यावरच्या छत्र्या उतरवल्या.

“उन्हाळ्या-पावसाळ्याची छत्री थंडीलाबी कामाला आली. हैबतराव, तुमचे उपकार हायत,” जनू म्हणाला.

जनूची टवाळी हैबतरावांना अंगाला लागत नव्हती. मोठं काम करणाऱ्याला लोक हसतातच, असं ते धरून चालत. शिवाय पेणकडून त्यांचे मेहुणे कान्हू यांचा फोन आला होता. कान्हू खाडीकाठी मिठागरावर काम करत. पेणला एका साप्ताहिकात फोटो छापून आला होता आणि त्यात हैबतराव मधोमध दिसत होते. “भावजी, दिव्यापाठी तुमचं तोंड दिसत नाय, पन टोपी वळखली,” कान्हू म्हणाले. हैबतरावांनी ते कात्रण मागवून घेतलं, फ्रेम करून टांगलं, आणि मागचा लाल दिवा सायकलवरून काढून त्या फ्रेमखाली लावला. तो फोटोत आलाच नव्हता, तेव्हा त्याला काही नियम लागू नव्हता.

निशिगंधा पहाटे एका हातात हँडल आणि एका हातात मोबाईलचा टॉर्च धरून सायकल चालवायची. पुढे आकाश उजळत जायचं आणि खाली मोबाईलचा ठिपका. एक दिवस ती खड्ड्यात आपटली. गुडघा सोलवटला, बस चुकली, आणि त्या दिवसाचा खाडा लागला. ती लंगडत घरी आली.

“बाबा, नट जरा ढिला करून दिवा खाली करते. पाहणी आली की परत वर करीन.”

“आणि रेघ? ती कोण जोडणार?”

“दुसरी बाटली आणते.”

“खोटी रेघ?” हैबतरावांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं. “निशे, सबंध नोकरीत मी खोटी रेघ मारली नाय.”

रंभाबाई हळद लावत होत्या. वाकड्या हातानं त्यांनी लेकीचा पाय धरला होता. “अवो, पोरगी पडली,” एवढंच त्या म्हणाल्या.

हैबतरावांना बायकोला म्हणायचं होतं, गेल्या वर्षी तू पडलीस म्हणूनच हे सगळं चाललंय. पण असलं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते उठून वालाच्या शेतात गेले आणि उगाच बांध बघत बसले.

शेवटी पाहणीचा निरोप आला. पाहणीचे साहेब संध्याकाळी येणार होते, कारण दिवे संध्याकाळीच बघायचे असतात, आणि हे डोकं कुणीतरी चालवलं याचं हैबतरावांना कौतुक वाटलं. त्यांनी जय्यत तयारी केली. शेतात जाळावर भाजायच्या पोपटीचं मडकं लागलं. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, सगळं साहेबांसाठी. आणि फोटोत होत्या तशाच सगळ्या सायकली रांगेनं उभ्या करायच्या ठरल्या. देवळापुढे नव्हे, मोरीच्या अलीकडे, रस्त्यावरच. म्हणजे खांब कुठे हवा हे साहेबांना वेगळं दाखवायला नको.

सूर्य बुडाला. डांबरी रस्त्यावरून गाडी आत वळलेली दिसली. गाडी मोरीजवळ येईपर्यंत हैबतरावांनी दम धरला आणि मग हात वर केला.

“पेटवा.”

गावातले सगळे दिवे एकदम पेटले, फुल पॉवरवर, फोटोतल्यासारखे. गाडी क्षणभर थबकली, मग डावीकडे झुकली, आणि जिथे कठडा नव्हता नेमकी तिथूनच अगदी सावकाश, म्हैस डोहात उतरते तशी ओहोळात उतरली.

पाणी घोटाभरच होतं. ड्रायव्हर आणि साहेब दोघेही धडधाकट बाहेर आले. साहेब तरुण होते. चष्मा हातात, पँट चिखलात. ते काठावर चढले आणि डोळ्यांवर आडवा हात धरून म्हणाले, “आधी ते बंद करा.”

दिवे बंद झाले. काही वेळ कुणालाच काही दिसेना. त्या काळोखात हैबतरावांचा आवाज आला, “साहेब, फोटोशी ताडून बघा. एक नट हालला नाय. रेघा मारल्यात मी.”

“कसला फोटो?” साहेब म्हणाले. “मला फक्त दिवे मिळाले का ते बघायला पाठवलंय. मिळालेत. चांगलेच मिळालेत.”

हैबतरावांनी टोपी काढून हातात घेतली. तरी त्यांनी विचारलं, “आणि खांब?”

“काका, मला समोरचं काही दिसलं नाही इतका उजेड आहे इथे. इथे आणखी खांब द्या असं मी कुठल्या तोंडानं सांगू? तो अंधारातल्या गावाला देतील.”

जनूला याच्यावर बोलण्यासारखं पुष्कळ सुचलं असणार, पण तो आधी गाडी ढकलायला ओहोळात उतरला. कुणीतरी ट्रॅक्टर आणला, गाडी वर ओढली. साहेबांनी पोपटी नको म्हटलं. मडकं उघडून गावानंच ती खाल्ली, आणि एकेक जण सायकल हातानं ढकलत घरी गेला.

साहेबांची गाडी डांबरी रस्त्याला लावून हैबतराव सायकल घेऊन मोरीच्या पलीकडच्या टोकाला एकटेच थांबले. त्यांना लाज वाटत होती. गावापुढची लाज होतीच, पण ती सोसता आली असती. लेकीचा सोललेला गुडघा डोळ्यांपुढून हलत नव्हता, ती लाज सोसवत नव्हती.

बऱ्याच वेळानं रस्त्यावरून एक उघडी छत्री येताना दिसली. छत्रीखाली रंभाबाई होत्या.

“आता कशाला ती,” हैबतराव म्हणाले. “दिवे बंद हायत गो.”

“सवय लागली,” रंभाबाई म्हणाल्या आणि त्यांनी छत्री मिटली. “चला. भाकरी थापून ठेवलीय.”

हैबतरावांनी खिशातून पाना काढला. तो त्यांच्या खिशात कायम असे. काळोखात चाचपून त्यांनी आपल्या दिव्याचा नट धरला आणि फिरवला. नेलपॉलिशची रेघ बारीक आवाज करून तुटली. मग त्यांनी दिव्याचं तोंड खाली केलं आणि बटण दाबलं.

मोरी लख्ख दिसली. तुटलेल्या कठड्याची कड, कडेचे सुटे दगड, गाडीच्या चाकांचे ओले माग, आणि तिथून खाली उतरलेली ती जुनी घसरण, जिथून गेल्या वर्षी दळण सांडलं होतं. पलीकडे घरापर्यंतचा सगळा रस्ता खड्ड्याखड्ड्यासकट उलगडला होता.

रंभाबाईंनी वाकून दिव्याकडे बघितलं.

“एवढा उजेड होता व्हय ह्याच्यात?” त्यांनी विचारलं.

 हैबतरावांनी एका हातानं सायकल धरली, दुसऱ्या हातानं रंभाबाईंचं वाकडं मनगट धरलं, आणि दोघं मोरीच्या मधून, कड सोडून, घराकडे चालू लागले.