बर्फातली सवत

मी एक दुर्बीण बोलतेय, लोणंदच्या एका घरातल्या कपाटावरून. आधीच सांगते, मी जळकुकडी आहे.

उत्कर्षा अकरावीत असताना साताऱ्याच्या शिबिरात तिनं माझा आरसा दोन महिने स्वतःच्या हातानं घासला आणि पाण्याच्या पाइपात बसवला. शनीची कडी तिला पहिल्यांदा मीच दाखवली. तेव्हा तिचं सगळं जग म्हणजे मी.

एकदा मात्र माझी फजिती झाली. तिचे आजोबा नानासो मेंढरं राखायचे. एक मेंढी चुकली, तेव्हा त्यांनी मला माळावर रोखलं. मी सगळं उलटं दाखवते. आकाशात त्यानं काही बिघडत नाही. मेंढीचे पाय वर दिसले, ते त्यांनी काचेचा खेळ म्हणून सोडून दिलं. पण ती ओढ्याच्या डावीकडे दिसली, म्हणून गेले डावीकडे. तासभर वाया गेला. घरचे हसले, तर म्हणाले, "ह्या अंगाला न्हाई, एवढं तर कळलं!" आणि उजवीकडून मेंढी घेऊन आले.

पुढे उत्कर्षा परदेशी शिकायला गेली आणि मला सवत आली. दक्षिण ध्रुवावर बर्फात दीड किलोमीटर खोल गाडलेली. ना आरसा, ना नळी, तारांना ओवलेले नुसते काचेचे गोळे, आणि तिलाही म्हणे दुर्बीण म्हणतात! ती कृष्णद्रव्य शोधते. ते कुणाला दिसत नाही, पण त्याच्या ओढीनं दीर्घिका एकत्र राहतात. ते सूर्याच्या पोटात साठत असेल, तर तिथून न्यूट्रिनो नावाचे कण सुटतील, पृथ्वीतून आरपार येतील आणि बर्फात निळसर चमक उठेल, ती हे गोळे टिपणार. मला सूर्याकडे वळवलं तर बघणाऱ्याचा डोळा जाईल, आणि ही बया जमिनीआडून त्याच्याकडे टक लावून बसते. माझा जळफळाट होणार नाही तर काय!

परवा उत्कर्षा सुट्टीला आली. नानांजवळ बसून म्हणाली, "नाना, चार वर्सं हुडकलं. काय बी घावलं न्हाई."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता ही सवतीला सोडणार, माझं झाकण काढणार.

"आगं, तितं न्हाई ते कळलं न्हवं?" नाना म्हणाले. "मंग दुसऱ्या अंगाला बघ की."

उत्कर्षा हसली. "तेच लिवलंय, नाना. कुटं कुटं न्हाई, ते. लिवताना तुमची मेंढीच डोळ्याम्होरं हुती."

उद्या ती परत निघालीय, सवतीकडेच.

लिहिताना तुला नाना आठवले, मेंढी आठवली. पण उत्कर्षा, त्यांना चुकीच्या अंगाला धाडलं कुणी गं? जाण्याआधी माझ्या आरशावरची धूळ तरी पूस.